जुन्या पेठेतलं पहिलं वर्ष: वारसा-जतनाच्या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी

जुनी इमारत वयामुळे पडत नाही. ती पाण्यानं पडते किंवा कागदानं पडते. पाणी म्हणजे फुटलेलं कौल, तुंबलेली पन्हळ, वरच्या मोरीतून भिंतीत झिरपणारी ओल. कागद म्हणजे पणजोबांच्या नावावर राहिलेली मिळकत पत्रिका (मालकीची सरकारी नोंद, प्रॉपर्टी कार्ड), एकमेकांशी न बोलणारे वारस, महिन्याला पन्नास-साठ रुपये भाडं आणि कोर्टात वर्षानुवर्षं पडून असलेला दावा. या कामात येणारी मुलं-मुली बहुतेक वेळा महिरपींच्या, नक्षीदार खांबांच्या आणि सज्जांच्या ओढीनं येतात. ती ओढ जपा, पुढे फार उपयोगी पडते. पण पहिल्या वर्षातला तुमचा बराचसा वेळ पन्हळी आणि कागद यांच्यातच जाणार आहे. हे आधी कळलं तर सहा महिन्यांनी हिरमोड होत नाही.

हा लेख वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, नगरपालिकेत नुकत्याच रुजू झालेल्यांसाठी आहे, आणि आपल्या गावची बाजारपेठ डोळ्यांदेखत ओस पडताना पाहून काहीतरी करावं असं वाटणाऱ्या कुणासाठीही आहे. उदाहरणं मुख्यतः पुण्याच्या पेठांतली आणि मुंबईच्या फोर्टातली आहेत. वाई, नाशिक, पैठण किंवा तुमच्या तालुक्याच्या गावी नियम थोडे बदलतील, पण पाणी आणि कागद तेच असतील.

पहिला महिना फक्त चाला

नकाशा, टेप, ड्रोन, सगळं घरी ठेवा. एकच पेठ किंवा एकच रस्ता निवडा, साधारण चाळीस-पन्नास दर्शनी इमारतींचा. आणि तो वेगवेगळ्या वेळी चाला. पहाटे साडेपाचला दूधवाले, पेपरवाले आणि भाजीचे टेम्पो येतात तेव्हा. सकाळी अकराला दुकानांची शटरं वर जातात तेव्हा. दुपारी दोन ते चार, पुण्यात असाल तर हमखास शांततेत. रात्री दहाला, वरच्या मजल्यांवर किती दिवे लागलेत ते मोजायला. बाजाराच्या दिवशी एकदा, सणाच्या आदल्या दिवशी एकदा, आणि भर पावसात एकदा.

रात्रीची फेरी चुकवू नका. दिवसा गजबजलेल्या रस्त्यावर रात्री दिवे मोजले, की तळमजल्यावर सोन्याच्या भावानं जागा आणि वर तीन मजले अंधार, असं चित्र दिसतं. वर राहणारी कुटुंबं उपनगरात गेलेली असतात आणि खोल्यांत दुकानांचा माल भरलेला असतो. कापड, पुठ्ठ्याची खोकी, प्लॅस्टिक, आणि त्यांच्यामधून गेलेली जुनी वायर. लाकडी सांगाड्याच्या इमारतीला आगीचा सगळ्यात मोठा धोका इथेच असतो. शिवाय वर माणूस राहत नसेल तर गळती कुणाला दिसतच नाही. भिंत फुगून खाली येते तेव्हाच कळते.

चालताना लोकांशी बोला, पण लगेच वारसा हा शब्द काढू नका. दुकान कधीपासून आहे, आधी इथे काय होतं, पाणी कुठून गळतं, गिऱ्हाईक कुठून येतं, एवढंच विचारा. "वाडा पाडणार आहेत का?" हा प्रश्न तुम्हाला पहिल्या आठवड्यातच कुणीतरी विचारेल. त्याचं उत्तर तुमच्याकडे नाही, असं सरळ सांगा. पेठेत शब्द फार लवकर फिरतो, आणि चुकीचा शब्द त्याहून लवकर.

पुण्याच्या बऱ्याच पेठा वारांच्या नावांनी ओळखल्या जातात, पण त्यांचा खरा नकाशा आळ्यांचा आहे: तांबट आळी, बुरूड आळी, बोहरी आळी. कसब्यातल्या तांबट आळीत तांब्यावर मठारकाम चालतं तेव्हा ठोक्यांचा आवाज रस्त्यापर्यंत येतो. तिथल्या दर्शनी भिंतींची सुंदर चित्रं काढून, तो आवाज नव्या रहिवाशांना त्रासाचा वाटतो म्हणून कारागिरांना शहराबाहेर हलवलं, तर जतन नेमकं कशाचं झालं? म्हणून पहिल्या महिन्याच्या वहीत इमारतींच्या बरोबरीनं आवाज, वास, मालाची ये-जा यांचीही नोंद करा. बुरुडाला बांबू फोडायला रस्त्याची कड लागते, हे कुठल्याही मोजणीच्या नकाशात येत नाही.

इमारतीची वही

दुसऱ्या महिन्यात प्रत्येक इमारतीला वहीची दोन पानं द्या. वाड्याचं नाव लिहाच, पण ओळख नगर भूमापन क्रमांकानं, म्हणजे सिटी सर्व्हे नंबरनं ठेवा. नावं बदलतात. एकाच वाड्याला जुने लोक एक नाव सांगतात, टपाल दुसऱ्या नावावर येतं आणि पालिकेच्या करपावतीवर तिसरंच असतं. सिटी सर्व्हे नंबर मात्र सहसा बदलत नाही.

पहिल्या पानावर समोरून एक फोटो, मजले, छप्पर कशाचं, तळमजल्याला कोणती दुकानं, वर कोण राहतं. दुसऱ्या पानावर फक्त पाणी: पन्हळ आहे का, ती कुठे उतरते, भिंतीला ओल किती उंचीपर्यंत चढली आहे, कुठे पिंपळ उगवला आहे. पिंपळाचं रोप बोटभर असताना उपटता येतं. त्याची मुळं चुन्याच्या सांध्यांत शिरली की तो उपटताना भिंतही बरोबर येते. दिसला की त्याच आठवड्यात मालकाला सांगा. तुमच्या हातून होणारं जतनाचं पहिलं काम बहुधा हेच असेल.

वाड्याची भाषा शिकून घ्या, कारण गवंडी आणि सुतार तीच बोलतात. खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, आणि वाड्याचं माप त्यातच सांगतात. खांब ज्या दगडावर उभा असतो तो तळखडा. वर आडवी तुळई, तुळईवर बारीक कड्या आणि त्यांवर पाट म्हणजे फळ्या, म्हणून कडीपाट. ओसरी, सोपा, माजघर, चौक, दिंडी दरवाजा. पेशवाई वळणाच्या वाड्यात मजल्यांचं बरंचसं वजन सागवानी सांगाडा पेलतो, आणि मधल्या कित्येक भिंती नुसत्या आडोशाच्या असतात. हे लक्षात आलं, की पडलेली भिंत पाहून "इमारत गेली" असं म्हणण्याआधी तुम्ही खांब आणि तुळया पाहायला जाल.

कागद

नवख्यांना सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात निर्णायक भाग हा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी मिळकत पत्रिका काढा. मालक कोण, वारसनोंद झाली आहे का, बोजा आहे का. मग भाडेकरूंची यादी करा: कोण मूळ भाडेकरू, कोण पोटभाडेकरू, कुणी पागडी (जागा घेताना दिलेली एकरकमी रक्कम) दिली आहे. हे कुणी सहज सांगत नाही. विश्वास बसेपर्यंत थांबावं लागतं, आणि जे कळेल ते तुमच्या वहीबाहेर जाता कामा नये.

भाड्याचा इतिहास समजल्याशिवाय या इमारतींची दुरवस्था समजत नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी १९४० च्या सप्टेंबरमधल्या पातळीला बांधून टाकली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूंना त्याची गरज होती. पण ती पातळी अर्धं शतक तशीच राहिली, आणि मालकाच्या हाती येणाऱ्या पैशात कौलं बदलणंही परवडेनासं झालं. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली, पण मुळातली रक्कमच इतकी लहान होती की चार टक्क्यांनी काही हललं नाही. कायद्यानं दुरुस्तीची जबाबदारी मालकावर आहे. व्यवहारात मालक वाट पाहतो इमारत पडायची, आणि भाडेकरूला भीती असते की एकदा बाहेर पडलो तर परत येणं नाही. दोघांचीही बाजू खरी असते. तुम्ही एका बाजूचे आहात असं दुसऱ्याला वाटलं, की तुमचं काम तिथे थांबतं.

मग धोकादायक इमारतीची नोटीस. मुंबईत ती महापालिका कायद्याच्या कलम ३५४ खाली येते, इतर महापालिकांत कलम २६४ खाली, आणि नगरपालिकांच्या गावांत १९६५ च्या नगरपरिषद कायद्याच्या कलम १९५ खाली. पावसाळ्याआधी पालिका याद्या लावते. मुंबई-ठाण्याकडे त्यात सी-१, सी-२ए, सी-२बी, सी-३ अशी वर्गवारी असते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे लोक राहत असताना होणारी दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ. नोटीस हातात आली की पहिलं पाहा, कुठला वर्ग आहे. "नोटीस आली" एवढ्यावरच घाबरून घर सोडणारी कुटुंबं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या नोटिशीत फक्त दुरुस्ती सांगितलेली होती.

सी-१ असेल तर दोन गोष्टी करा. संरचना तपासणीचा अहवाल मागून घ्या आणि तपासणी कशी केली ते वाचा. काँक्रीटवर चालणाऱ्या चाचण्या लाकडी सांगाड्याला आणि चुन्याच्या भिंतीला लावून काढलेले निष्कर्ष उपयोगाचे नसतात. लाकडाची आणि चुन्याची जाण असलेल्या अभियंत्याचं दुसरं मत घ्या. आणि इमारत खरोखरच रिकामी करायची असेल, तर त्याआधी प्रत्येक भाडेकरूच्या जागेचं मोजमाप पालिकेच्या नोंदीत येईल असं पाहा. जीव वाचवणं पहिलं. तुमच्या इमारतप्रेमापोटी एकाही माणसाला धोक्याच्या छपराखाली थांबायला सांगू नका. पण मोजमापाची नोंद असेल तर माणूस निर्धास्तपणे बाहेर पडतो, आणि त्यामुळेही जीव वाचतात.

वारसा इमारतींची यादी आणि श्रेणी याबद्दल लोकांच्या मनात मोठी भीती असते. मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियमावली आली, तेव्हापासून इमारतींना आणि परिसरांना पहिली, दुसऱ्यातली अ आणि ब, आणि तिसरी अशा श्रेणी मिळाल्या. पुण्यासह इतर शहरांनीही आपापल्या याद्या केल्या. "यादीत नाव गेलं की खिळाही ठोकता येत नाही" असं मालक म्हणतात. ते खरं नाही. पहिल्या श्रेणीत बळकटीपलीकडे फारसं काही करता येत नाही, पण दुसरीत आतले बदल आणि नवा वापर बसू शकतो, आणि तिसरीत मोकळीक सगळ्यात जास्त असते. मुंबईच्या नियमावलीत, जो बांधकामाचा हक्क यादीमुळे वापरता येत नाही तो हस्तांतरणीय विकास हक्क म्हणून दुसरीकडे विकण्याची सोयही ठेवली गेली. मालकाच्या ओटीवर बसून ही श्रेणी त्याला समजावून सांगणं हे तुमचं काम आहे. त्यासाठी आपल्या शहराची नियमावली स्वतः वाचा, कुणी सांगितलेल्यावर जाऊ नका.

एक नियम मात्र कडक आहे. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये नियंत्रण, अशी तरतूद २०१० च्या दुरुस्तीनं कायद्यात पक्की झाली. शनिवारवाड्याभोवतीच्या जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांना हे रोज जाणवतं. दुरुस्तीला वाव आहे, पण तीही परवानगी घेऊनच. अशा पट्ट्यात काम असेल तर अर्ज सगळ्यात आधी टाका आणि उत्तर येईपर्यंत कागदांचं काम पुरं करून ठेवा.

पाणी, चुना, लाकूड

आता पाण्याकडे. क्रम असा ठेवा: आधी छप्पर, मग पन्हळी, मग मोऱ्या आणि नळ, मग जमिनीची ओल, आणि रंग-गिलावा सगळ्यात शेवटी. निधी मिळाला की दर्शनी बाजू रंगवण्याची घाई होते, कारण उद्घाटनाच्या फोटोत तीच दिसते. माझ्या पहिल्या कामात आम्ही तेच केलं. दिवाळीला रंग लावला, पुढच्या ऑगस्टमध्ये तो पोपडे होऊन गळला, कारण वरची पन्हळ तशीच फुटकी होती. त्या मालकांनी नंतर दोन वर्षं आम्हाला दारात उभं केलं नाही, आणि त्यांचं बरोबर होतं.

पुण्याच्या जुन्या भिंती भाजक्या विटांच्या, चुन्याच्या किंवा पांढऱ्या मातीच्या सांध्यांत बांधलेल्या. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, तेव्हा मातीतल्या भिंती भिजून कशा बसल्या ते पाहिलेली माणसं अजून पेठांत आहेत. त्यांना विचारा. पाणी कुठपर्यंत आलं, काय उभं राहिलं आणि काय पडलं, हे ते बोटानं दाखवतात. मातीच्या आणि चुन्याच्या भिंतीला ओल सोसते, पण ती बाहेर पडायला वाट हवी.

म्हणून जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा नको. चुना सच्छिद्र असतो, भिंतीतली ओल त्यातून हळूहळू बाहेर जाते. सिमेंट ती वाट बंद करतं. ओल आत अडकते, क्षार विटांची पूड करतात, आणि भिंतीत गेलेली तुळईची टोकं सडायला लागतात. वरून भिंत छान गुळगुळीत दिसते, आत लाकूड भुसा होत असतं. गवंडी सिमेंट लावायला तयार असतो कारण ते दोन दिवसांत होतं. त्याला दोष देऊ नका, त्याला चुन्याचं काम मागणारं कुणी भेटलेलं नसतं.

चुन्याला वेळ लागतो. चुनकळी (भाजलेल्या चुनखडीचे खडे) पाण्यात विरवून मुरू द्यायची, वाळू आणि सुरखी म्हणजे विटांची भुकटी यांच्याबरोबर घाणीत मळायची. पूर्वी घाणीचं दगडी चाक बैल ओढायचा, आता मोटरवरची घाणी मिळते. गूळ, बेलफळाचा गर, हिरडा, उडीद असे पदार्थ त्यात घालण्याची रीत गावोगाव वेगळी आहे. एकाच कृतीला धरून बसू नका, आपल्या भागातल्या म्हाताऱ्या गवंड्याला विचारा आणि आधी दोन हात रुंदीच्या तुकड्यावर करून बघा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत घट्ट होतो, आणि त्याला महिने लागतात. त्या काळात तो ओलसर ठेवावा लागतो, भर उन्हात तडकतो आणि भर पावसात धुपतो. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ बाहेरच्या गिलाव्याला बरा. ठेकेदाराच्या वेळापत्रकात हे बसवून घेणं म्हणजे खरं व्यवस्थापन. मार्चअखेर पैसे संपवण्याची सरकारी घाई आणि चुन्याचा स्वभाव यांचं कधीच जमत नाही, तेव्हा निविदा पावसाळ्यातच निघेल अशी धडपड करा.

लाकडाची तपासणी सोपी आहे आणि ती प्रत्येकानं शिकावी. टोच्या आणि लहान हातोडी एवढंच लागतं. निरोगी सागावर हातोडीचा आवाज टणक येतो, पोकळ झालेल्यावर बद्द. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक आणि खांबाचा तळखड्याजवळचा भाग आधी पाहा, सड तिथूनच सुरू होते. मधला भाग बहुतेक वेळा शंभर वर्षांनंतरही उत्तम असतो. अशा वेळी पूर्ण तुळई बदलायची नाही. सडलेलं टोक कापून तेवढ्यालाच सागाचा नवा तुकडा जोडायचा. १९७९ साली ऑस्ट्रेलियातल्या बर्रा गावी ठरलेल्या सनदेत हाच विचार आहे: जितकं गरजेचं तितकंच करा, आणि होईल तितकं कमी करा. आपल्याकडे २००४ मध्ये इन्टॅक या वारसा-जतन करणाऱ्या संस्थेनं जी सनद केली तिनं त्यात आपली एक गोष्ट आणली. जीर्णोद्धाराची परंपरा आणि ती हातात असलेले कारागीर हेही वारसाच आहेत, असं ती मानते. मला हे फार मोलाचं वाटतं. चांगला सुतार आणि चांगला गवंडी भेटला तर त्याचं नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहा, त्याची मजुरी वेळेवर द्या आणि त्याच्या हाताखाली दोन तरुण लावा.

दुकानाची पाटी

इथपर्यंत आलात की पेठेतले लोक विचारू लागतील, तुमच्या कामाचं दिसण्यासारखं काय आहे? प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर म्हणून पाट्या घ्या.

मुंबईच्या दादाभाई नौरोजी रस्त्याचा धडा इथे गिरवण्यासारखा आहे. हा जुना हॉर्नबी रोड. १८९६ च्या नियमानं इथल्या इमारतींना तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींचा पडवीसारखा रस्ता ठेवणं बंधनकारक झालं. त्यामुळे प्रत्येक इमारतीची शैली वेगळी, पण खाली सगळ्यांना जोडणारी कमानींची ओळ एकच. १९९० च्या दशकापर्यंत ती ओळ दुकानांच्या पाट्यांखाली गाडली गेली होती. दशकाच्या अखेरीस संवर्धन वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी या रस्त्याचा अभ्यास करून पाट्या कमानीच्या आत बसतील असे आराखडे केले, आणि रस्त्यावरच्या दुकानदारांनी आणि कार्यालयांनी संघटना बांधून ते काम आपलं मानलं. इमारतीला कुणी हात लावला नव्हता, फक्त पाटी हलवली होती, आणि रस्ता वेगळा दिसू लागला.

तुमच्या पेठेत याची सुरुवात एका दुकानापासून करा. जो दुकानदार इतरांना मान्य आहे त्याच्यापासून. त्याच्या पाटीचं चित्र काढून द्या, रंगाऱ्याचा खर्च किती येईल ते सांगा, पूर्वीचा फोटो सापडला तर तो दाखवा. आजोबांच्या काळातली, हातानं रंगवलेल्या देवनागरी अक्षरांची पाटी पाहून माणसाचा चेहरा बदलतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. शेजारी आपोआप विचारत येतो. सक्तीचा नियम आणून ही कामं होत नाहीत, निदान आधी होत नाहीत.

बाजार चालला पाहिजे

अमेरिकेत शहराबाहेर मॉल उभे राहिले तेव्हा लहान गावांच्या मधल्या बाजारपेठा रिकाम्या पडू लागल्या. १९७७ मध्ये तिथल्या नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्वेशन या संस्थेनं मेरी मीन्स यांच्या पुढाकारानं तीन गावांत प्रयोग सुरू केला: इलिनॉयमधलं गेल्सबर्ग, साउथ डकोटामधलं हॉट स्प्रिंग्ज आणि इंडियानामधलं मॅडिसन. प्रत्येक गावाला एक पूर्णवेळ माणूस दिला. त्यातून मेन स्ट्रीट पद्धत तयार झाली आणि १९८० पासून ती राज्याराज्यांत गेली. तिचे चार भाग: लोकांची संघटना, बाजाराची प्रसिद्धी, इमारतींचं रूप आणि व्यापाराची घडी. चारही बरोबरीनं चालवायचे, एकट्या इमारती सुधारून बाजार उभा राहत नाही, हे त्यांना आलेलं उत्तर.

मला यातला पूर्णवेळ माणूस सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे आराखडा करायला सल्लागार येतो, अहवाल देतो आणि जातो. रोज सकाळी पेठेत येऊन, कुणाची पन्हळ फुटली आणि कुठलं दुकान बंद होतंय हे माहीत असलेला पगारी माणूस कुठेच नसतो. नगरपालिकेला, व्यापारी संघाला, कुणालाही एकच गोष्ट मागायची असेल तर तो माणूस मागा. कदाचित तो तुम्हीच असाल.

व्यापाराची घडी म्हणजे काय, हे वहीतूनच दिसतं. पेठेत काय मिळत नाही म्हणून लोक बाहेर जातात? कुठली दुकानं एकमेकांच्या आधारानं चालतात? पुण्यात अप्पा बळवंत चौकात पुस्तकांची दुकानं एकाला एक लागून आहेत आणि म्हणूनच सगळी चालतात. १८८६ मध्ये रे मार्केट म्हणून उघडलेली महात्मा फुले मंडई आजही भाजीसाठीच वापरात आहे. ती रोज उघडते, झाडली जाते, तिच्या छपराची तक्रार करणारे शेकडो लोक आत बसलेले असतात, ही तिची खरी देखभाल.

वरचे रिकामे मजले हे सगळ्यात मोठं घबाड. तिथे विद्यार्थ्यांची अभ्यासिका, वकिलाचं कार्यालय, शिवणवर्ग, छोटं राहण्याचं ठिकाण, असं काही आलं की दिवे लागतात आणि गळती त्याच दिवशी कळते. पण आधी जिना, वायरिंग आणि आग लागल्यास बाहेर पडायची दुसरी वाट पाहा.

पथारीवाल्यांना रस्त्यावरचा अडथळा समजू नका. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात अशी तरतूद आहे की जिथे पन्नास वर्षांहून अधिक काळ विक्रेते बसत आले आहेत तो नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि त्यांना तिथून हलवू नये. वारसा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर दगड येतो. कायद्यानं तो शब्द टोपली घेऊन बसणाऱ्या बाईलाही दिला आहे. तुमच्या पेठेत असा बाजार असेल तर जुने फोटो, पालिकेच्या पावत्या, आठवणी गोळा करून नगर पथविक्रेता समितीपुढे ठेवा.

पैशाबद्दल थोडक्यात. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या सामाजिक दायित्व निधीत ऐतिहासिक वास्तूंचं जतन बसतं, पण तो खासगी वाड्याला मिळणं अवघड, सार्वजनिक विहीर, घाट, वाचनालय यांना सोपं. उत्सवातूनही पैसा उभा राहतो. मुंबईत १९९८ मध्ये काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली, १९९९ पासून कलामहोत्सव सुरू झाला आणि त्यातून मिळालेला निधी परिसरातल्या वास्तूंच्या कामाला लागला. मात्र पहिल्याच वर्षी महोत्सव करू नका. दहा दुकानांनी मिळून दर महिन्याला थोडे पैसे टाकून पन्हळी साफ करून घेतल्या, तर त्या संघटनेला पुढे महोत्सव पेलतो.

आणि पेठ सुंदर झाल्यावर काय होतं, त्याचाही विचार आताच करा. पणजीचं फोंतेन्यस पाहा. रंगीत घरांच्या गल्ल्या इतक्या प्रसिद्ध झाल्या की रहिवाशांना फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीनं दार उघडणं कठीण झालं, आणि त्यांना दारांवर सूचना लावाव्या लागल्या. भाडी वाढली की सगळ्यात आधी शिंपी, घड्याळदुरुस्तीवाला आणि खाणावळ जाते. म्हणून कुठल्याही प्रस्तावात पहिल्याच पानावर लिहा: आज इथे किती कुटुंबं राहतात, किती दुकानं आहेत, आणि पाच वर्षांनी त्यातली किती इथेच असतील अशी योजना आहे. हा आकडा वहीत दर वर्षी एकदा भरा.

मे महिन्याची फेरी

वर्ष पुरं होत आलं की मेच्या पहिल्या पंधरवड्यात, उन्हं तापायच्या आधी सकाळी साडेसहाला, एका सुताराला आणि कौलं चढणाऱ्या एका माणसाला घेऊन पूर्ण रस्त्याची फेरी करा. बरोबर शिडी, टोच्या, हातोडी, बॅटरी, खडू आणि ती वही. प्रत्येक पन्हळीतला पालापाचोळा काढा, सरकलेली कौलं बसवा, बोटभर पिंपळ उपटा, तुळयांची टोकं ठोकून पाहा, आणि जिथे आवाज बद्द आला तिथे खडूनं फुली करून त्याच दिवशी मालक आणि भाडेकरू दोघांनाही दाखवा. रिकाम्या खोल्यांच्या किल्ल्या कुणाकडे आहेत ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा, कारण जुलैत रात्री पाणी आत येऊ लागलं की सगळ्यात आधी ती किल्लीच शोधावी लागते.